क्लबला आता थेट प्रवेश नाही

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा ११ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. कौन्सिलच्या शनिवारच्या क्लबला आता आधी सोशल वर्करचं मूल्यांकन हवं म्हणतात. काय करावं?

उत्तर : आधी कौन्सिलचं 'शॉर्ट ब्रेक्स स्टेटमेंट' वाचा, म्हणजे अपंग मुलांच्या पालकांना थोडी उसंत मिळावी म्हणून असलेल्या अशा क्लबसारख्या सेवांचं माहितीपत्रक. २०११ च्या नियमांनुसार ते प्रसिद्ध करावंच लागतं आणि सेवा कोणाला मिळेल याचे निकष त्यात असतात. मग मूल्यांकनाची मागणी ईमेलनेच करा. अपंग मूल १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम १७ खाली 'गरजू' ठरतंच. फोनवरचा नकार मुळीच मान्य करू नका. मूल्यांकनाला जास्तीत जास्त ४५ कामाचे दिवस.

बहुतेक पालकांचं चुकतं ते मूल्यांकनाच्या वेळी : पाहुण्यांसमोर सांगावं तसं मुलाचं चांगलंच सांगतात. तुम्ही वाईट दिवस लिहा. रात्री कितीदा उठतो, रस्त्यात हात सोडून पळतो का, त्याला आंघोळ घालताना धाकट्या भावंडाकडे कोण बघतं. दोन आठवडे रोज, वेळेसकट.

नियम बदलण्याच्या निर्णयालाच आव्हान द्यायचं असेल तर वकिलाला लगेच गाठा. ज्युडिशियल रिव्ह्यूसाठी (निर्णय कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घेण्यासाठी) फार तर तीन महिने मिळतात आणि कौन्सिलकडे केलेल्या तक्रारीचं उत्तर येईपर्यंत ती मुदत थांबत नाही.