शैक्षणिक प्रकाशन संस्थेत काम करणे कसे असते?

मराठीत एम.ए. केल्यानंतर नागपूरच्या एका शैक्षणिक प्रकाशन संस्थेच्या संपादकीय विभागात रुजू व्हावे का, असे आपण विचारले आहे. याच शहरात शालेय स्वाध्यायपुस्तिका आणि प्रश्नसंच काढणाऱ्या एका संस्थेत मी संपादनाचे काम करतो, म्हणून अनुभवावरून सांगतो.

लेखनाची हौस हे एकमेव कारण असेल, तर आपली निराशा होईल. मजकूर बहुधा शिक्षक लिहून देतात. आपल्याकडे येते ते तपासणीचे काम. गणिताच्या पुस्तिकेत दुसऱ्या प्रुफाच्या (छपाईआधी तपासायच्या प्रतीच्या) वेळी एखाद्या उदाहरणातील 12 मीटरचे 15 मीटर केले, की आकृतीवरचा आकडा, त्यावर बेतलेला उपप्रश्न आणि शेवटच्या पानांवरील उत्तरसूची, हे सारे पुन्हा पाहावे लागते. उत्तरसूची तेवढी राहून गेली, तर मूल बरोबर सोडवलेले गणित स्वतःच्या हाताने खोडते, कारण छापील उत्तरावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. त्या विश्वासासाठीच मला हे काम मनापासून आवडते.

नागपुरात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी व मराठी येथे आजही शेजारी नांदतात. डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी करणारी व्यक्ती अनेकदा दोन्ही भाषांची पुस्तके लावते. मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावा, असा राज्य शासनाचा 2009 चा निर्णय आहे. पण फॉन्ट बदलला की हिंदी वळणाची अक्षरे पानात शिरतात. पहिलीचे मूल पुस्तक पाहून अक्षर गिरवते, त्यामुळे ही बाब मी क्षुल्लक मानत नाही.

अभ्यासक्रमावर आपली सत्ता नसते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. वादात आपले मत काहीही असले, तरी अशा वेळी अक्षरी संख्यांचे स्वाध्याय नव्याने तपासावेच लागतात.

कामाचा खरा ताण उन्हाळ्यात येतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तरीही त्याआधी पुस्तके दुकानांत पोहोचलेली असावी लागतात, म्हणून ऐन मे महिन्यात छपाईची घाई असते. त्यातच मजकूर सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचांत, बसवायचा असतो आणि दोन पाने जास्त झाली, तर कोणता स्वाध्याय गाळायचा हे संपादकाला त्याच दिवशी ठरवावे लागते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो.

मुलाखतीच्या वेळी एका पुस्तकाची किती प्रुफे काढतात आणि उत्तरसूची लेखकाशिवाय आणखी कोण सोडवून पाहते, हे अवश्य विचारा. दुसऱ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले, तर नोकरी स्वीकारा, असे मी सुचवेन.