मेर सरकली, वाट अडली: शेजाऱ्याशी वाद होण्याआधी काय करावे

वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेल्या भाताची, कापणी आटोपली की गोव्यातल्या आमच्या विभागीय कृषी कार्यालयात येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. कीड आणि खत मागे पडते, शेजारी पुढे येतो. यंदा आलेल्या अशा प्रश्नांपैकी चार प्रश्नांना इथे एकत्र उत्तर देत आहे, कारण पावसाआधीचे हे दिवस हातचे गेले तर पुढे जानेवारीपर्यंत शेतात मोजणीची साखळी धड पसरता येत नाही.

पेडण्याहून एका शेतकऱ्याने विचारले आहे: "शेजाऱ्याच्या आणि आमच्या शेतामधली मेर (बांध) दरवर्षी थोडी थोडी आमच्या बाजूला सरकते. पूर्वी मेरेवरून भाताचा भारा डोक्यावर घेऊन माणूस चालत जायचा, आता पाऊल ठेवता येत नाही. तो म्हणतो पाण्याने गेली. काय करू?"

भाऊ, आधी मेर नीट पाहा. खेकड्यांनी पोखरलेली मेर आणि कुदळीने तासलेली मेर वेगळी दिसते. पोखरलेल्या मेरेला पाण्याच्या पातळीशी भोके असतात, माती दोन्ही अंगांना ढासळते आणि वरचा गवताचा थर मधेच खचतो. तासलेली मेर एकाच अंगाला उभी कापलेली असते, गवताची मुळे लोंबत असतात आणि त्याच अंगाच्या चिखलात गवतासकट ढेकळे उलटी पडलेली दिसतात. हे चिखलणीच्या दुसऱ्याच दिवशी बघायला हवे. लावणी झाली की आठवड्याभरात सगळे झाकते. फोटो काढाल तर जवळचा माड किंवा विजेचा खांब फोटोत येऊ द्या, नाहीतर तो कुठल्या मेरेचा फोटो आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. बऱ्याचदा मेर खातो तो भाड्याचा पॉवर टिलर. चालकाला कोपऱ्यावर वळायला जागा हवी असते, तो मेरेला घासून जातो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून यंदा नांगरणीच्या दिवशी तुम्ही दोघेही मेरेवर उभे राहा आणि चालकाला दोन्ही बाजूंनी हातभर माती सोडायला सांगा. मे महिन्यात दोघांनी मिळून मेर बांधून काढली तर उत्तमच.

तरीही पटत नसेल तर मोजणी, म्हणजे डिमार्केशन. तालुक्याच्या सर्वे आणि भूमी अभिलेख निरीक्षकाकडे अर्ज करा. सोबत ताजा फॉर्म १ आणि १४ (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) आणि सर्वे नकाशाची प्रत जोडा. लगतच्या सर्वांना नोटीस जाते, सर्वेअर येतो, हद्दीचे दगड रोवून देतो. नोटीस मिळाल्यावर शेजाऱ्याने हजर राहावे असा तुम्हीच आग्रह धरा. त्याच्या डोळ्यांदेखत लागलेला दगड टिकतो. पुढे तो दगड कोणी उपटला किंवा हलवला तर तो फौजदारी गुन्हा आहे.

मोबाइलवरच्या नकाशाने हद्द ठरवू नका. तिथली चूक सहज काही मीटरची असते. झेरॉक्सवर पट्टी ठेवूनही मोजू नका: १:१००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १ मीटर, आणि पेन्सिलची रेघच अर्ध्या मिलिमीटरची.

फॉर्म १ आणि १४ वाचताना कब्जेदाराचा रकाना पाहून थांबू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा. पाचव्या दुरुस्तीनंतर २० एप्रिल १९७६ पासून कूळ कायद्याने कुळाला मालक मानले आहे, पण खरेदीची प्रक्रिया पुरी न केलेली कित्येक घराणी अजून आहेत. तिथे मेरेचा वाद उकरला की भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, जुना वाद वर येतो. तुमचे नाव कुळाच्या रकान्यात असेल तर आधी मामलेदाराकडे ते काम मार्गी लावा. नोंद खोटी सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, म्हणून चुकीची नोंद तशीच पडून राहू देणे महागात पडते.

सत्तरीतून एका बहिणीने कुळागराबद्दल, म्हणजे सुपारीच्या बागेबद्दल, विचारले आहे. शेजाऱ्याने काटेरी तारेचे खांब त्यांच्या हद्दीत दोन हात आत घातले आणि सुपारीच्या पाच पोफळी पलीकडे गेल्या. घरचे म्हणतात, रात्री तार कापून टाकूया.

ताई, तार कापू नका. आज तक्रार तुमची आहे. तार कापली की तक्रार त्याची होते आणि नुकसानीचा गुन्हा तुमच्या मुलावर लागतो. पोफळींचा ताबा गेला त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात ताबा परत मिळवण्याचा दावा केला, तर मालकी सिद्ध करत बसावे लागत नाही. ताबा होता आणि तो बेकायदा काढून घेतला एवढे दाखवले की पुरते. विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ ची ही सोय फार थोड्या लोकांना ठाऊक असते आणि "पावसानंतर बघू" म्हणता म्हणता मुदत निघून जाते. मुदत गेल्यावर मालकीचा दावा करता येतो, पण तो लांबतो. बारा वर्षे गप्प बसलात तर प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे जमीन त्याचीच झाल्याचा, मुद्दा उभा राहू शकतो, आणि नुसत्या पत्राने किंवा पोलीस तक्रारीने ती बारा वर्षे थांबत नाहीत. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा.

दावा चालू असताना पोफळींना पाणी तोडू नका, शक्य असेल तिथे बागेतली कामे चालू ठेवा आणि त्यांची नोंद ठेवा. आणि नवीन लावणी करताना मेरेपासून मागे सरा. माड साडेसात मीटरवर लावतो, म्हणून मेरेपासून निदान पावणेचार मीटर. पोफळ पावणेतीनवर, म्हणून तिथे जवळपास दीड मीटर. मेरेवरच माड लावला की झावळी शेजाऱ्याच्या छपरावर पडणार आणि नारळ कोणाचे यावरून दरवर्षी तोंडे वाकडी होणार. कुंपणाला गिरिपुष्पाच्या काठ्या पावसाच्या तोंडावर लावा, पण दगडापासून हातभर आपल्या बाजूला. पाला शेताला हिरवळीचे खत होतो.

बार्देशातून तक्रार आहे की शेजारची जमीन विकली गेली, नव्या मालकाने भिंत घातली आणि पॉवर टिलर व कापणी यंत्र न्यायची जुनी वाट बंद झाली. पावसाचे पाणी जाणारा पाटही त्याच भिंतीखाली बुजला.

यात वाट पाहत बसू नका. शेतीच्या वहिवाटीची वाट आणि पाण्याचा प्रवाह अडवला असेल तर १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदाराकडे दाद मागता येते. वाट किती वर्षांची, रुंदी किती, तिथून काय काय जायचे हे सांगणारे दोन वयस्क शेतकरी साक्षीला हवेत. पाटाचा विषय तर लगेच घ्या: जूनमध्ये वरच्या शेतात पाणी तुंबले तर रोपे कुजतील आणि खालच्याचा वाफा कोरडा राहील. पिकाचे नुकसान झाले तर आमच्या कार्यालयात कळवा, आम्ही शेतात येऊन पाहणी करतो. हद्द कोणाची आणि वाट कोणाची हे ठरवायचा अधिकार मात्र कृषी अधिकाऱ्याला नाही, तसले पत्र आमच्याकडे मागू नका.

चौथा प्रश्न डिचोलीचा, मोकाट गुरांचा. शेजाऱ्याची गुरे रात्री भाजीच्या वाफ्यांत शिरतात. गुरे पकडून पंचायतीच्या कोंडवाड्यात द्या आणि पावती घ्या. कोयता मारलात तर जनावर जखमी केल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो. कुंपणाला घरातल्या विजेची तार जोडण्याचा विचार तर मनातही आणू नका. माणसे मरतात, बहुधा स्वतःच्याच घरातली. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, तो प्राणघातक नाही. त्याच्या योजनेचा अर्ज आमच्याकडे मिळेल, पण त्यासाठीही हद्द निश्चित असावी लागते. येताना कृषी कार्ड आणि फॉर्म १ आणि १४ घेऊन या.