पाँटियाक जीटीओला ‘पहिली मसल कार’ का म्हणतात? ती मस्टँगपेक्षा वेगळी कशी आणि कोणत्या सालची सगळ्यात चांगली?

आधी थोडक्यात सांगतो. मधल्या आकाराच्या साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या पोराला परवडेल अशा किमतीत ती सरळ शोरूममधून विकायची, हे गणित पहिल्यांदा पाँटियाकने जमवलं, १९६४ सालच्या जीटीओत. तिचं इंजिन नवं नव्हतं, गिअरबॉक्स नवा नव्हता, बॉडीही खास तिच्यासाठी बनवलेली नव्हती. नवी होती ती जुळणी, आणि ती कंपनीच्याच नियमात बसत नव्हती. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, पोटापाण्याचा धंदाही गाड्यांचाच आहे, आणि इतक्या गाड्या जवळून पाहूनही जीटीओवर माझा विशेष जीव आहे तो याच कारणासाठी.

पाँटियाक ही जनरल मोटर्सची एक शाखा. पन्नाशीच्या दशकात तिची ओळख वयस्कर, सरळमार्गी माणसांची गाडी अशी होती. १९५६ मध्ये बंकी नूडसेन प्रमुख झाले आणि त्यांनी रेसिंगच्या जोरावर ती प्रतिमा पार बदलून टाकली. पाँटियाक शर्यती जिंकायला लागली तशी तरुण गिऱ्हाइकं दारात येऊ लागली. पण जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी सगळ्या शाखांना हुकूम काढला की रेसिंगला कंपनीची मदत बंद. त्या काळात अमेरिकेतला जवळपास निम्मा मोटार बाजार या एका कंपनीकडे होता, आणि खप आणखी वाढला तर मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा आपल्यावर येईल ही धास्ती वरच्यांना होती. पाँटियाकचं मात्र विक्रीचं मुख्य हत्यारच गेलं.

पाँटियाकचे मुख्य अभियंता तेव्हा जॉन डिलोरियन होते. पुढे स्वतःच्या नावाची, वर उघडणाऱ्या दारांची स्टीलची गाडी काढणारे तेच हे. त्यांच्या हाताखाली बिल कॉलिन्स आणि रस गी हे दोन तरबेज इंजिनिअर. १९६४ ची टेम्पेस्ट तयार होत होती. मिलफर्डच्या चाचणी मैदानावर तिची नमुना गाडी जॅकवर चढवलेली असताना कॉलिन्सने मुद्दा काढला, की यात बसणारं ३२६ घनइंची इंजिन आणि मोठ्या पाँटियाकमधलं ३८९ घनइंची इंजिन बाहेरून सारखंच आहे. पिस्टनचा स्ट्रोकसुद्धा, म्हणजे त्याची वर-खाली धाव, दोन्हींत एकच, ३.७५ इंच. फरक फक्त सिलिंडरच्या व्यासाचा. म्हणजे इंजिनाचे माउंट तेच, बॉनेटखालची जागा तीच, काही कापाकापी नको. आठवडाभरात ५.३ लिटरच्या जागी ६.४ लिटरचं इंजिन बसवून गाडी फिरवली गेली, आणि चालवणाऱ्यांना पुढचं काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

अडचण एकच होती. या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. नवं मॉडेल काढायचं तर वरच्या समितीची मंजुरी लागणार आणि समिती ते फेटाळणार. पण चालू मॉडेलवर एखादं जादा पॅकेज द्यायचं असेल तर समितीकडे जावं लागत नव्हतं. म्हणून जीटीओ ‘मॉडेल’ म्हणून आलीच नाही. टेम्पेस्ट ल माँ या गाडीवरचा सुमारे २९६ डॉलरचा एक ऑप्शन म्हणून ती आली. पाँटियाकचे तेव्हाचे प्रमुख पीट एस्टेस यांनी हा धोका आपल्या अंगावर घेतला, याचं श्रेय त्यांना फार कमी लोक देतात. विक्रीप्रमुख फ्रँक ब्रिज यांना गाडी खपेल याचा भरवसा नव्हता. पाच हजारांपेक्षा जास्त बनवायच्या नाहीत या अटीवर ते तयार झाले. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. एवढा आकडा समोर आल्यावर वरच्यांनीही नियमाचा हट्ट सोडला.

त्या २९६ डॉलरमध्ये मिळायचं काय? चार बॅरलच्या (म्हणजे हवा आत घेणाऱ्या चार नळ्यांच्या) कार्ब्युरेटरसह, जो इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळतो, ३२५ हॉर्सपॉवरचं ३८९ इंजिन, त्यावर त्याहून मोठ्या ४२१ इंजिनाचे सिलिंडर हेड, दोन एक्झॉस्ट, जमिनीवरून येणारा हर्स्टचा गिअर लिव्हर, कडक स्प्रिंगा, वळणावर गाडी कलू न देणारा जाड अँटी-रोल बार आणि लाल पट्ट्याचे टायर. बॉनेटवर हवा घेणारे दोन खोके दिसतात, पण पहिल्या वर्षी ते बंद होते, नुसते दिसण्यापुरते. आणखी पैसे टाकले की ‘ट्राय-पॉवर’ मिळायचं, म्हणजे दोन-दोन बॅरलचे तीन कार्ब्युरेटर आणि ३४८ हॉर्सपॉवर. एवढं सगळं घेऊनही साधी कूपे तीन हजार डॉलरच्या आत घरी येत होती.

नाव डिलोरियननी सरळ फेरारीकडून उचललं. ‘ग्रान तुरिझ्मो ओमोलोगातो’ म्हणजे शर्यतीसाठी अधिकृत मान्यता मिळालेली गाडी. पाँटियाकने असली कोणतीही मान्यता घेतलेली नव्हती, त्यामुळे फेरारीचे चाहते खवळले. त्यावर मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने दोन्ही जीटीओंची तुलना मुखपृष्ठावर छापली. मुखपृष्ठावर चित्र काढलेलं होतं, कारण दोन गाड्या एकमेकींसमोर कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. मासिकाच्या चाचणीत पाँटियाकने ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला असं छापून आलं. जाहिरातीची बाजू सांभाळणाऱ्या जिम वँगर्सनी पुष्कळ वर्षांनी कबूल केलं, की त्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ इंजिन घातलेलं होतं. साध्या जीटीओला तेवढ्यालाच सहा-सात सेकंद लागत, आणि १९६४ मध्ये कुटुंबाला घेऊन फिरायच्या गाडीसाठी तेही अफाटच होतं.

तुमचा दुसरा प्रश्न मस्टँगचा. फोर्ड मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली. ती लांब बॉनेट आणि आखूड पाठीची, आकाराने लहान आणि स्वतःच्या वेगळ्या रूपाची गाडी. बहुतेक मस्टँग साध्या इंजिनाच्याच खपल्या. या जातीला इकडे ‘पोनी कार’ म्हणतात. मसल कार मात्र मुळात घरगुती गाडीच असते. मागे तिघं बसू शकतात, डिक्कीत आठवड्याचं सामान मावतं. ‘मधला आकार’ म्हणताना आपल्याकडच्या गाड्या डोळ्यांसमोर आणू नका. पहिली जीटीओ ५.१५ मीटर लांब होती, म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टाहूनही हातभर लांब. काही जण पहिल्या मसल कारचा मान १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ ला किंवा १९५५ च्या क्रायस्लर ३०० ला देतात. त्या गाड्या वेगवान होत्या, वाद नाही. पण क्रायस्लर श्रीमंतांची होती, आणि ओल्ड्समोबिलच्या मागे तिची नक्कल करणारी रांग लागली नाही. जीटीओनंतर मात्र दोन-तीन वर्षांत ओल्ड्समोबिल ४४२, शेव्हरोले शव्हेल एसएस, ब्यूक ग्रान स्पोर्ट अशी अख्खी फौज उभी राहिली. युद्धानंतर १९४६ मध्ये जन्मलेली पोरं १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली होती, हेही विसरू नका. गिऱ्हाईक नेमकं त्याच वर्षी लायसन्स घेऊन उभं होतं.

ट्राय-पॉवर काय चीज आहे ते कागदावरून कळत नाही. इथे वुडवर्ड अॅव्हेन्यू म्हणून रस्ता आहे. साठच्या दशकात रात्री याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या, आणि गाड्या ‘तयार’ करून देणारा प्रसिद्ध रॉयल पाँटियाक डीलर जवळच रॉयल ओकमध्ये होता. आता दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते. एका १९६५ च्या जीटीओचं बॉनेट उघडं होतं आणि मालकाने मला जवळ बोलावून दाखवलं. तीन कार्ब्युरेटर एका रांगेत, प्रत्येकावर ताटलीएवढा क्रोमचा गोल एअर क्लीनर. गाडी साधी चालवताना फक्त मधला कार्ब्युरेटर काम करतो. पाय जवळजवळ पाऊण दाबला की पुढचा आणि मागचा दोन्ही उघडतात. त्याच्या गाडीत ही जोडणी दांडीची होती. हाताने थ्रॉटल फिरवला तसा आधी मधला आवाज, मग खट्कन दांडी सरकली आणि घशातून आल्यासारखा एक खोल गुरगुराट उठला, की बाजूला ठेवलेल्या खुर्चीवरचा पेपर कप थरथरला. सहा बॅरलमधून पेट्रोल ओतणाऱ्या या यंत्रणेच्या अॅव्हरेजबद्दल विचारायचं नसतं. पण पिकअप म्हणजे काय, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

१९६५ मध्ये हेडलाइट एकावर एक आले आणि गाडीला आजही ओळखता येणारा तो उभा चेहरा मिळाला. खप ७५ हजारांवर गेला. १९६६ मध्ये जीटीओ अखेर स्वतंत्र मॉडेल झाली आणि ९६,९४६ गाड्या विकल्या गेल्या. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा आकडा. पुढच्या वर्षी वरून आणखी एक हुकूम आला, की कॉर्व्हेट ही शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार सोडून कुठल्याही गाडीला एकाहून जास्त कार्ब्युरेटर लावायचे नाहीत. ट्राय-पॉवर संपलं. पाँटियाकने इंजिन ४०० घनइंचाचं केलं आणि चार बॅरलचा एकच चांगला कार्ब्युरेटर देऊन तेवढीच ताकद काढली.

१९६८ चं रूप सर्वस्वी वेगळं होतं. छप्पर मागे उतरत जाणारं आणि पुढे क्रोमचा बंपर गायब. त्या जागी ‘एन्ड्युरा’ नावाच्या लवचीक साहित्याचा, गाडीच्याच रंगाचा बंपर. जाहिरातीत त्यावर घाव घालून दाखवत, आणि बंपर पुन्हा जागेवर येई. आज प्रत्येक गाडीचा बंपर बॉडीच्या रंगाचा असतो, तेव्हा ही गोष्ट लोकांनी पाहिलेलीच नव्हती. ‘मोटर ट्रेंड’ने त्या वर्षीचा सर्वोत्तम गाडीचा मान तिलाच दिला.

त्याच वर्षी प्लिमथने रोड रनर काढली. आत काही चैन नाही, इंजिन दणकट आणि किंमत जीटीओपेक्षा कमी. म्हणजे जीटीओची जी मूळ कल्पना, तीच जीटीओवर उलटली. उत्तर म्हणून पाँटियाकमध्ये लहान इंजिनाची स्वस्त जीटीओ काढायचा विचार सुरू झाला. तोवर डिलोरियन शाखेचे प्रमुख झाले होते. लहान इंजिन त्यांनी साफ नाकारलं. त्यातून १९६९ ची ‘द जज’ तयार झाली.  त्या काळच्या एका टीव्ही कार्यक्रमातल्या न्यायाधीशाच्या विनोदी आरोळीवरून हे नाव घेतलं. भडक नारिंगी-लाल रंग, मागे रुंद पंख, बाजूंना पट्टे, ३६६ हॉर्सपॉवर. स्वस्त काढायची म्हणून सुरू झालेली गाडी शेवटी साध्या जीटीओपेक्षा ३३२ डॉलरने महाग निघाली. पहिल्या वर्षी ६,८३३ बनल्या, त्यात उघड्या छपराच्या फक्त १०८. आज लिलावात सगळ्यांची नजर त्याच १०८ वर असते.

पुढचं सगळं लवकर घडलं. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते असे वाढवले, की गाडी परवडली तरी विमा परवडेना. १९७० चा हवा प्रदूषणाचा कायदा आला. १९७१ मध्ये शिसेविरहित, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतही बदलली. पूर्वी इंजिन उघडं, कमीत कमी भार लावून मोजत, आता अल्टरनेटर, एक्झॉस्ट वगैरे सगळं जोडून. म्हणून कागदावरचे आकडे धाडकन खाली आले. जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करणारे व्हिडिओ बघताना हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी जीटीओ पुन्हा ल माँवरचा ऑप्शन झाली आणि ५,८११ वर घसरली. १९७४ ची शेवटची जीटीओ व्हेंच्युरा या छोट्या गाडीवर, ३५० इंजिन आणि २०० हॉर्सपॉवर घेऊन आली. साध्या गाडीवर पॅकेज, ही रीत दहा वर्षांपूर्वीचीच. पण वर्गात न बसणारं मोठं इंजिन हा तिचा प्राण होता, आणि तोच उरला नव्हता. २००४ ते २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होल्डन मोनारोवर जीटीओचं नाव लावून विकलं. गाडी उत्तम होती, पण चेहरा इतका साधा की जुन्या चाहत्यांनी तिला जवळ केलं नाही. २०१० मध्ये पाँटियाकच बंद झाली.

आता कोणत्या सालची चांगली? नुसती बघायची असेल तर १९६५, ट्राय-पॉवरसह. ती समोर उभी असली की बाकी सालांकडे माझं लक्ष जात नाही. चालवायची असेल तर बिनदिक्कत १९६७. पहिल्या जीटीओंची सगळ्यात मोठी खोट म्हणजे ब्रेक. दीड टनांच्या गाडीला चारही चाकांवर लहान ड्रम, दोन-तीनदा जोरात दाबले की तापून ढिले पडणारे. १९६७ मध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घेता येऊ लागले, ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन आल्या आणि जुन्या दोन गतींच्या ऑटोमॅटिकऐवजी तीन गतींची टर्बो-हायड्रामॅटिक मिळाली. आणि कधी अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकामार्फत घ्यायचा विचार केलात तर एक बघा. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ हा ऑप्शन असल्यामुळे चासी नंबरवरून ती कळत नाही. साध्या ल माँवर बॅज ठोकून जीटीओ म्हणून विकलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. आधीच्या सालांसाठी कंपनीच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या नंबरच्या मूळ बिलाची प्रत मागवता येते. ती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.