पॅनलवर 545 वॅट, छतावर 390: तक्रार नेमकी कशाची करायची?

प्रश्न: आम्ही वाळवा तालुक्यात राहतो. ऑगस्ट 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजनेतून घरावर 545 वॅटची दहा सोलर पॅनल बसवली. खर्च 3 लाख 10 हजार झाला. 78 हजार अनुदान मिळालं, बाकीच्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. मार्च 2025 मध्ये 760 युनिट वीज तयार झाली, मार्च 2026 मध्ये फक्त 540. एप्रिलमध्ये ओळखीच्या वायरमनने दुपारी दोनला क्लॅम्प मीटर लावून मोजलं, तर एका पॅनलमागे 390 वॅटच भरले. कोल्हापूरचा व्हेंडर म्हणतो, "545 हा लॅबमधला आकडा, छतावर तेवढे कधीच मिळत नाहीत. शिवाय तुमच्या घरी मसाला कांडप चालतं, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही." पॅनल उतरवून लॅबला पाठवू का? पोलिसांत फसवणुकीची तक्रार देऊ का?

उत्तर: आत्ता दोन्हीतलं काहीच करू नका. पॅनलला तर हातही लावू नका. तुमची बाजू चांगली आहे, पण पत्रात तुम्ही ज्या आकड्यावर सगळा भर दिलाय, तो 390 चा आकडा तुम्हाला जिल्हा ग्राहक आयोगासमोर तोंडघशी पाडेल.

लेबलवरचे 545 वॅट तीन अटींवर असतात. चौरस मीटरला 1000 वॅट ऊन, सेलचं तापमान 25 अंश आणि ठरावीक वर्णपटाचा प्रकाश. कारखान्यात तयार पॅनलवर क्षणभर प्रखर प्रकाश टाकून ही मोजणी होते. तिला फ्लॅश टेस्ट म्हणतात. पॅनल तापायच्या आतच ती आटोपते. तुमच्या छतावर एप्रिलच्या दुपारी दोनला सेल 60 अंशांच्या आसपास तापलेले असणार. सिलिकॉनचं पॅनल 25 च्या वर प्रत्येक अंशामागे साधारण 0.35 टक्के ताकद गमावतं, म्हणजे 35 अंशांच्या फरकात 12 टक्के तिथेच गेले. ऊन 1000 ऐवजी 850 असेल तर 545 चे आधी 463 होतात आणि उष्णतेची घट धरली की 406. वर धूळ आणि तारांमधली घट. म्हणजे 390 हा आकडा निरोगी पॅनलचासुद्धा असू शकतो. वायरमनने त्या वेळचं ऊन मोजलं नाही, पॅनलचं तापमान घेतलं नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. नोटिशीत हा आकडा घालू नका.

म्हणजे व्हेंडर खरं बोलतोय. पण अर्धंच. मार्च 2025 मध्येही ऊन तेच होतं, पॅनलही तेवढंच तापत होतं. तेव्हा 760 युनिट आले आणि वर्षभरात 540 झाले, ही जवळपास 29 टक्क्यांची घट आहे. एखादा मार्च जरा ढगाळ गेला म्हणून एवढा फरक पडत नाही. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पहिल्या वर्षी दोन-तीन टक्के आणि पुढे दरवर्षी अर्धा ते पाऊण टक्का घट गृहीत धरलेली असते. 29 टक्के त्यात कुठेच बसत नाहीत. तुमची केस या दोन मार्चच्या फरकात आहे.

मात्र हे 760 आणि 540 तुम्ही कुठून घेतले, ते पत्रात नाही. नेट मीटरच्या बिलावरून घेतले असतील तर अडचण होईल. नेट मीटर किती वीज बाहेर गेली आणि किती आत आली तेवढंच सांगतो. दिवसा घरात किंवा कांडपावर वापर वाढला की निर्यात आपोआप कमी दिसते आणि पॅनलचा दोष सिद्ध होत नाही. एकूण निर्मितीचा आकडा जनरेशन मीटरवर किंवा इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या, नोंदीत मिळतो. इन्व्हर्टरच्या ॲपमधून महिन्याचा आणि रोजचा डेटा आजच उतरवून घ्या. व्हेंडरच्या हातात ॲपचं लॉगिन असतं आणि वाद वाढला की ते बंद झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. आयोगात पुरावा कायद्याची काटेकोर चौकट लावत नाहीत, तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. इलेक्ट्रॉनिक नोंदीवर मग कोणी बोट ठेवू शकत नाही.

आता घट कशामुळे झाली, हे आधी तुम्ही स्वतः तपासा, कारण पॅनलचा दोष नसेल तर पॅनल कंपनीला ओढून उपयोग नाही. वाळवा तालुक्यात गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काळी राख छतांवर पडते हे तुम्हाला सांगायला नको. मार्चपर्यंत ती पॅनलच्या खालच्या कडेला थर धरून बसते आणि त्या एका ओळीतल्या सेलमुळे अख्ख्या पॅनलची वीज घटते. पॅनल स्वच्छ धुवून आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याची निर्मिती लिहून ठेवा. धुताना पॅनलवर पाय द्यायचा नाही. पाय दिल्याने आत बारीक तडे जातात, आणि "तुमच्याच माणसाने पाय दिला" हा कंपनीचा ठरलेला बचाव असतो. शेजारी नवा मजला किंवा पाण्याची टाकी चढली असेल तर सावलीचे फोटो वेळेसकट काढा. आणि इन्व्हर्टरच्या एरर नोंदी नक्की पाहा. गावाकडे दुपारी लाइनचा व्होल्टेज वाढतो आणि इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. असं रोज तासभर होत असेल तर निर्मिती घटते, पण पॅनल बिचारं धडधाकट असतं. तो विषय महावितरणकडे अर्ज करण्याचा आहे.

हे सगळं वजा करूनही घट उरली, तर तुमच्या हातातलं खरं शस्त्र व्हेंडरसोबत झालेला करार आहे. योजनेच्या नमुना करारात परफॉर्मन्स रेशो (पीआर), म्हणजे आदर्श निर्मितीच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात मिळते तो आकडा, कार्यान्वयनाच्या वेळी 75 टक्के असला पाहिजे आणि पुढे पाच वर्षं व्हेंडरने तो टिकवला पाहिजे, अशी अट आहे. कार्यान्वयनाच्या वेळी ऊन मोजायचा कॅलिब्रेट केलेला सेन्सरही त्यानेच आणायचा असतो. तुमच्या प्रतीत हे कलम शोधा. बहुतेकांनी ते सही करताना वाचलेलंच नसतं.

पीआरची मोजणी लेबलच्या वादापेक्षा कितीतरी सरळ आहे. समजा एका स्वच्छ दिवशी पॅनलच्या उतारावर ठेवलेल्या सेन्सरने चौरस मीटरला 6 युनिट ऊन नोंदवलं. तुमची क्षमता 5.45 किलोवॅट, म्हणजे आदर्श निर्मिती 32.7 युनिट. त्याच्या 75 टक्के म्हणजे साडेचोवीस. त्या दिवशी जनरेशन मीटरने 18 दाखवले तर पीआर 55 टक्के, आणि करार मोडला. उष्णता, धूळ, तारा, इन्व्हर्टर यांची घट या 25 टक्क्यांच्या सवलतीत आधीच धरलेली आहे. "छतावर तेवढे येत नाहीत" हे वाक्य इथे चालत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी: व्हेंडरला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्या, त्यात या कलमाचा उल्लेख करा आणि पंधरा दिवसांत तुमच्यासमोर पीआर मोजून द्या असं मागा. तो आला तर मोजणीच्या कागदावर तारीख, वेळ, सेन्सरचा नंबर आणि त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, पॅनलच्या मागे चिकटवलेल्या तापमापकाचा आकडा आणि दहाही पॅनलचे सीरियल नंबर यायला हवेत. दोघांच्या सह्या हव्यात. नाही आला तर त्याचा नकारच तुमच्या तक्रारीला बळ देईल. मग स्वतःच्या खर्चाने एखाद्या जाणत्या तंत्रज्ञाकडून आय-व्ही कर्व्ह, म्हणजे पॅनलच्या प्रवाहाचा आणि व्होल्टेजचा आलेख, काढून घ्या. क्लॅम्प मीटर फक्त त्या क्षणाचे व्होल्ट आणि अँपिअर सांगतो. आय-व्ही ट्रेसर पूर्ण वक्र काढतो आणि ऊन-तापमानाची नोंद घेऊन तो प्रमाणित अटींवर आणता येतो. त्यासाठी आयईसी 60891 ही मानक पद्धत आहे. वक्रात पायरी दिसली तर एखादा बायपास डायोड (बिघडलेल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) किंवा सेलची रांग गेलेली असण्याची शक्यता मोठी. अशा पॅनलमध्ये साधारण तीन डायोड असतात, एक गेला की त्या पॅनलची एक तृतीयांश वीज जाते.

लॅबचा प्रश्न आता. तुम्ही स्वतः पॅनल उतरवून पाठवलंत, तर वाटेत तडा गेला किंवा हे पॅनल आमचं नव्हेच, असं कंपनी म्हणू शकते, आणि परवानगीशिवाय उतरवलं म्हणून वॉरंटीही नाकारू शकते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38(2)(सी) मध्ये यावर सोय आहे. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग तक्रारदाराकडून नमुना घेऊन सील करतो आणि मान्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल 45 दिवसांत यायचा असतो, आयोग मुदत वाढवू शकतो. चाचणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. दोन्ही बाजूंना अहवालावर लेखी हरकत घेता येते. तक्रारीसोबतच हा अर्ज द्या. दहाही पॅनल पाठवायची गरज नाही, आय-व्ही मध्ये वाईट दिसलेली दोन आणि एक चांगलं पुरे. हरियाणात ग्वाल पहाडीला केंद्र सरकारची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे, तिचं नाव सुचवता येईल. फ्लॅश टेस्टसोबत इलेक्ट्रोल्युमिनेसन्स चाचणीही मागा. अंधारात पॅनलमधून प्रवाह सोडून खास कॅमेऱ्याने फोटो काढतात आणि डोळ्यांना न दिसणारे तडे त्यात काळ्या रेघांसारखे उमटतात. तड्यांच्या ठेवणीवरून ते बसवताना पडले की नंतर, याचा अंदाज तज्ज्ञ बांधू शकतो. जबाबदारी व्हेंडरची की कंपनीची, याचा वाद तिथून पुढे सरकतो. त्या आधी कंपनीला पत्र लिहून तुमच्या दहा सीरियल नंबरचे मूळ फ्लॅश रिपोर्ट मागवा. लॅबचा आकडा कशाशी ताडायचा, हे त्यावरून ठरेल. मोजणीत दोन-तीन टक्क्यांची अनिश्चितता असतेच आणि वॉरंटीच्या अटींत ती वजा करतात, त्यामुळे चार-पाच टक्क्यांच्या फरकावर केस उभी करू नये. तुमचा फरक त्याहून फार मोठा आहे.

तक्रारीत व्हेंडर आणि पॅनल कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. कलम 84 प्रमाणे उत्पादक आपल्या लेखी वॉरंटीला उतरला नाही, तर निष्काळजीपणा नव्हता असं सिद्ध करूनही तो सुटत नाही. व्हेंडर कोल्हापूरचा असला तरी तुम्ही सांगली जिल्ह्यात राहता, म्हणून कलम 34 प्रमाणे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. तुम्ही मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी शून्य.

कांडपाची भीती बाळगू नका. सोलर घरगुती जोडणीवर आहे, अनुदानही घरगुती म्हणूनच मिळालं. शिवाय कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला व्यवसाय "व्यापारी हेतू"तून वगळलेला आहे. हेतू व्यापारी होता हे दाखवायची जबाबदारी विक्रेत्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. घरच्या बाईने दोन कांडपयंत्रं चालवली म्हणून कुटुंबाचा ग्राहक हक्क जात नाही, आणि असं धमकावणं मला चीड आणणारं वाटतं.

पोलिसांकडे जायचं कारण फक्त एका बाबतीत आहे. पॅनलच्या मागचा सीरियल नंबर, आतल्या आरएफआयडी पट्टीवरची (यंत्राने वाचता येणारी ओळखपट्टी) नोंद आणि बिलावरचा नंबर जुळत नसतील, किंवा तुमच्याकडचा माल आपला नाही असं कंपनीने लेखी कळवलं, तर सुरुवातीपासूनच्या फसवणुकीचा संशय उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ला तसाच हेतू लागतो. नुसतं पॅनल कमी चालतं म्हणून तो गुन्हा होत नाही.

मुदतीचं गणित मात्र घट्ट आहे. कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. घट मार्च 2026 मध्ये लक्षात आली म्हणून तिथून मोजा असं आपण म्हणू, पण समोरचा बसवल्याच्या तारखेवर, म्हणजे ऑगस्ट 2024 वर, बोट ठेवेल. पत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. ऑगस्ट 2026 उजाडायच्या आत ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा, म्हणजे हा वादच उरणार नाही. मागणीत सदोष पॅनल बदलून देणं, आजवर कमी मिळालेल्या युनिटची तुमच्या बिलाच्या दराने भरपाई, चाचणीचा खर्च आणि 75 टक्के पीआर भरेपर्यंत दुरुस्तीचा आदेश, एवढं सगळं मागा.

या काळात बँकेचा हप्ता थांबवू नका. बँकेने पॅनल विकलेलं नाही. हप्ता थकला तर त्याचा बोजा तुमच्यावरच येईल आणि भरपाईच्या हिशेबात तो धरला जाणार नाही.