रिपोर्ट कुणाचा?

प्रिय,

रात्री पावणेतीनला टाकलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. मांडीचं हाड मोडलेला बाइकवाला. सरांनी सांगितलं म्हणून सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला काढलेल्या रक्तातच तू एचआयव्हीचा 'स्पॉट', म्हणजे झटपट टेस्ट, लावलास, रिअ‍ॅक्टिव्ह (संसर्गाचा संशय दाखवणारा) आला आणि त्याचं ऑपरेशन लिस्टच्या तळाला गेलं. बाहेर बायको आणि भाऊ विचारतायत, उशीर का? आणि तू मला विचारतोस, "मॅडम, आधी कुणाला सांगू?"

त्याला. रिपोर्ट पेशंटचा असतो.

ती टेस्ट तू त्याच्यासाठी केलीच नव्हतीस रे, ऑपरेशन करणाऱ्या सरांच्या बोटांसाठी केलीस. बोटांनाही तिचा उपयोग नाही. विंडो पिरियडमधला, म्हणजे नुकताच संसर्ग झालेला पेशंट टेस्टमध्ये निगेटिव्हच दिसतो. म्हणून ग्लोव्ह्ज सगळ्यांसाठी घालायचे. सुई टोचलीच तर पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायची औषधं, होईल तितकी लवकर, 72 तासांच्या आत सुरू करायची, 28 दिवस घ्यायची. हे तुला पाठ आहे, तरी कॅज्युअल्टीत विसरतोस!

1997 साली मी एका केसपेपरवर लाल शाईनं ठळक 'एचआयव्ही' लिहिलं होतं. वॉर्डबॉयनं वाचलं, मग शेजारच्या कॉटवाल्यानं. सकाळी कॉट रिकामी, सलाइनची नळी लोंबतेय, फरशीवर ओल. त्या माणसाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीही नाही. तेव्हा सगळेच लाल शाई वापरायचे. आणि सांगून देणार काय होतो? सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, आली 2004 मध्ये. इतकी वर्षं स्वतःला हेच ऐकवतेय, अजून पटलेलं नाही.

मग टेस्ट करायचीच नाही? असं कुठं म्हटलं मी? ओपीडीची पायरी न चढणारा माणूस कॅज्युअल्टीतच सापडतो. इंग्लंडमध्ये 2022 पासून लंडनसारख्या शहरांतल्या इमर्जन्सीत, रक्त काढायचंच असेल तर नको न म्हणणाऱ्याची एचआयव्हीही तपासतात. पण ती त्याच्यासाठी, उपचाराला जोडायला. आपल्याकडे 2017 च्या कायद्यानं आधी समजावून संमती घ्यावी लागते, आणि टेस्टच्या अटीवर उपचार अडवता येत नाहीत. विचारायला दोन मिनिटं लागतात. ती तुझ्याकडे होती, तो शुद्धीत होता.

आता ऐक. एका स्पॉटवर निदान होत नाही. आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राच्या समुपदेशक ताईंना गाठ, पडदा ओढून घे. आधी कबूल कर, "न विचारता तपासलं, चुकलं." मग पुढच्या टेस्टसाठी त्याची परवानगी माग. बायकोला कधी, कसं सांगायचं ते त्याच्याशी बोलून. भावाला काही नाही. रिपोर्ट भावाचा नाही, सरांचा नाही, तुझाही नाही.

आणि लिस्ट बदलून घ्यायला सरांकडे तुलाच जावं लागेल. ओरडतील. ओरडू देत.

— तुझी मॅडम