शब्दशंका: बँकेचा चेक आणि बुद्धिबळातला चेक

प्रश्न: बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, बुद्धिबळातला चेक आणि ‘चेक करून घ्या’मधला चेक हे वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले, की मूळ एकच?

उत्तर: मूळ एकच, आणि आपल्या ओळखीचं: फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. अरबीमार्गे तो मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्कॅकस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’ झाला. मराठीतला ‘शह’ त्याचाच सख्खा भाऊ.

राजाला शह बसला की बाकी बेत बाजूला ठेवून आधी तो सोडवावा लागतो. म्हणून ‘चेक’ला आधी अडवणूक, मग आवर, मग नियंत्रण असे अर्थ आले. हिशेबावर नियंत्रण ठेवायचं तर तो दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो; तपासणीचा अर्थ तिथून आला. मराठी ‘शह देणे’ मात्र अडवणुकीपाशीच थांबलं.

शर्टाची वाट पटावरून जाते. बुद्धिबळाचा पट म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’. त्यावरून इंग्रजीत चौकटींना ‘चेकर’ म्हणू लागले आणि त्याचं आखूड रूप कापडावर राहिलं. इंग्लंडच्या राजाच्या हिशेबखात्याचं ‘एक्सचेकर’ हे नावही याच पटाचं. १२व्या शतकातल्या वर्णनात तिथलं मेज सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद आहे. सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून चार बोटं उंच काठ, वर रेघांचं काळं कापड. पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने. येणं वरच्या बाजूला मांडायचं, भरलेली रक्कम त्याखाली, आणि रकान्यामागून रकाना वजा करत जायचं. रोमन अंकांत लिहून वजाबाकी करणं फार किचकट; सोंगट्यांनी ती साऱ्यांच्या डोळ्यांदेखत होई. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ‘एक्सचेकर’ आजही आहे.

बँकेचा चेक तपासणीच्या अर्थातून आला. १८व्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द स्थळप्रतीसाठी होता: खरा कागद तिच्याशी जुळवून बनावट पकडायची. पुढे नाव मूळ कागदालाच चिकटलं.

प्रश्न: मग बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं का?

उत्तर: ‘क्यू-यू-ई’ हा शेवट ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने आला. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत तो फक्त बँकेच्या कागदाला लावायचा. तपासणी, शह आणि कापड यांना शेवटी ‘सी-के’. अमेरिकेत बँकेलाही ‘सी-के’च. गफलत होते ती क्रियापदात: ‘प्लीज चेक’ लिहिताना ‘क्यू-यू-ई’ कुठल्याच वळणात चालत नाही.

प्रश्न: ‘चेकमेट’ म्हणजे ‘राजा मेला’ हे खरं का?

उत्तर: हा अर्थ अरबी ‘माता’, म्हणजे ‘मेला’, या क्रियापदावरून लावला गेला. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि खेळाला हाच अर्थ चपखल बसतो. पटावर राजा कधी मारला जात नाही. त्याला सुटायला घर उरत नाही, तिथेच डाव संपतो.

प्रश्न: चेक प्रजासत्ताकाशी काही नातं?

उत्तर: नाही. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं नाव आहे आणि त्याचं स्पेलिंगही ‘सी-झेड’ने सुरू होतं.