रायफलची सेफ्टी लावलेली असेल तर चेंबरमध्ये गोळी ठेवून ती घरात किंवा गाडीत ठेवली तर चालतं का?

नाही चालत. का ते सांगतो, पण आधी माझ्या मेव्हण्याचं ऐका, कारण तुमचा प्रश्न वाचून डोकंच फिरलं माझं.

मंगळवेढ्याकडं त्यांचं रान आहे, मालदांडीचं, हुरड्याला सोलापूरहून सगळा गोतावळा गेलो होतो. हा पठ्ठ्या वडिलांची, आता स्वतःच्या लायसन्सवर चढवून घेतलेली पॉइंट तीनशे पंधरा रायफल मिरवायला घेऊन आला आणि दिली बाभळीला टेकवून, शेजारी पोरं कणसं चोळतायत. म्हटलं भरलीय का, तर म्हणतो, "दाजी, सेफ्टी लावलीय की!" उचलून बघतो तर डाव्या बाजूचा सेफ्टीचा खटका (मागं म्हणजे लावलेली, पुढं म्हणजे काढलेली) मागं पूर्ण बसलेलाच नाही, मधेच लटकतोय, गाडीतनं काढताना पट्टा अडकला असेल नाहीतर ह्यानंच घाईत ढकलला असेल. त्यात ही रायफल थ्री नॉट थ्रीच्या घराण्यातली, सेफ्टी लावली की बोल्टपण, म्हणजे चेंबर उघडायला मागं ओढायचा दांडा, अडकतो, म्हणजे रिकामी करायला आधी सेफ्टी काढावीच लागते, नेमकी धोक्याच्या वेळी ती कामाची नाही. पोरांना लांब घालवलं, नळी मोकळ्या रानात मातीकडं, बोट ट्रिगरपासनं लांब, आधी मॅगझिन काढलं, मग खटका पुढं, बोल्ट मागं, तर पितळी राउंड टुणकन ढेकळात. नंतर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथं, करंगळी घालून बघितली. फौजेत "जाँच शस्त्र", म्हणजे हत्यार उघडून तपासून घ्यायचा हुकूम, उगाच करून घेत नाहीत.

बऱ्याच बारा बोअर बंदुकांची सेफ्टी तर नुसता ट्रिगर अडवते, गोळी उडवणारे आतले हॅमर चढलेलेच, दणकन पडली तर उडू शकते. आणि आपले काही गार्ड ती मांडीवर आडवी घेऊन बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटाकडं नळी!

आता सगळ्या रायफली सारख्या नसतात हेही खरं, जुन्या माउझर रायफलीच्या सेफ्टीला तीन टप्पे असतात, मधल्या टप्प्यात सेफ्टी ठेवूनच बोल्ट उघडतो, तेव्हा आपल्या हत्याराचं आपण शिकून घ्या. आणि सेफ्टी लावूच नका असं म्हणत नाही मी, भरलेली हातात असेल तर नेम धरेपर्यंत लावलेलीच पाहिजे. घरात मात्र रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळी.

मेव्हणा अजून म्हणतो, इतक्या वर्षांत एकदा तरी उडाली का. पण इलेक्शनला ठाण्यात जमा करताना हवालदारानं बोल्ट उघडून दाखव म्हटलं की गुपचूप दाखवतो, तिथं नाही म्हणत सेफ्टी लावलीय म्हणून.